कलम

फॉर्मात जनावराच्या रकान्यात
गाय, म्हैस, शेळी, कोंबडी
आणि शेवटी इतर.
मी 'इतर'वर खूण केली, स्कूटर काढली
जामसंड्याच्या पुढे, सड्यावर,
जिथे एप्रिलात कातळ चपलेतून चावतो.

विजय कोयंड्यांची आंब्याची शेड.
वर पत्रा, खाली फिनेलचा वास.
डाव्या अंगाला पेट्या, पेंढा, सुतळीची गुंडी,
उजव्या अंगाला जाळ्या. अकरा.
एकीत निळ्या डोळ्यांचा, बर्फातला कुत्रा
दोन पंख्यांच्या मधोमध जीभ टाकून पडलेला,
कुणीतरी चुकीचा पत्ता दिल्यासारखा.

सात नंबरच्या जाळीत ती.
लॅब्राडोर, मादी, पिवळी. नावाची जागा कोरी.
"कितवं वेत?" मी विचारलं,
म्हशीबद्दल विचारतात तसंच. दुसरा शब्द आपल्याकडे नाही.
कोयंडे बोटं मोजू लागले. एक हात संपला.
दुसऱ्या हाताचा अंगठा धरून थांबले.
"सा... न्हय, सात आसतली."
वय?
"दिवाळीक पाच."

मग चहा. मग त्यांनी बाग दाखवली.
एका जुन्या कलमाच्या बुंध्यावर तळवा ठेवला,
गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा.
"ह्याका औंदा मी हात लावूक नाय, डॉक्टरानू.
गेल्या साली भरभरून दिल्यान.
औषद ओतलां तर येतलो आंबो,
पन मगे झाड खंगता.
एक वर्स इसावो होयोच."

मी त्यांच्याकडे पाहिलं.
ते झाडाकडेच पाहत राहिले.
शेडमध्ये एक पिल्लू कुईंकुईं करत होतं.

वरून पत्र आलंय:
श्वान प्रजनन व विक्री केंद्रे, नियमनाबाबत
क्षेत्रीय सूचना सात दिवसांत पाठवाव्यात.
जेवण झाल्यावर बसतो.

कलम एक. दोन वेतांच्या मधे एक वर्ष मोकळं.
'मोकळं' खोडतो. सरकारी शब्द नाही तो.
कलम दोन. चार वेतांनंतर मादीला
काय? पेन्शन?
कायदा नेहमी इथेच थांबतो,
बंदी लिहितो, घर लिहीत नाही.
कलम तीन. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून उचलू नये,
आणि आंब्याच्या पेटीत पेंढा घालून
मुंबईच्या गाडीच्या डिकीत ठेवू नये.
(असं थेट लिहायचं नसतं.
'सुयोग्य वाहतूक व्यवस्था' लिहितात.
मग कोयंडे पेटीला आणखी दोन भोकं पाडतात.)
कलम चार. ज्या जातीला इथली हवा

इथे पेन अडतं.
पायाशी पग घोरतोय.
मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला आणला, कणकवलीहून.
पावती मागितली नाही. आई दाखवा म्हटलं नाही.
मी, डॉक्टर असून.
पिढ्यानपिढ्या कुणीतरी 'कित्ती गोड' म्हणत गेलं
आणि नाक आत आत जात राहिलं.
झोपेत श्वास अडकतो त्याचा,
मी वाकून मान सरळ करतो, रोज, दोनदा तरी.

कलम पाच. विकत घेणाऱ्याने
एवढंच लिहून ठेवलंय.

त्या दिवशी निघताना मी म्हटलं,
सात नंबरची कडी काढा जरा.
कडी निघाली. ती आली नाही.
उंबऱ्याशी नाक आणलं, तांबडी माती हुंगली,
एक पाय टेकवला, उचलला.
माती तापलेली होती की अनोळखी, कळलं नाही.
मागून कोयंडे बोलले, अगदी हळू,
कुणी ऐकू नये अशा बेतानं:
"ये गो."

ती गेली आणि बसली
औंदा न धरलेल्या त्या कलमाखाली.
कोयंडे घड्याळ बघत होते.
पाचची गाडी भरायची होती.